दोन जोड्या

दिवाळी सरली, धान कापणीला आलं, की आमच्या ब्रह्मपुरीतल्या विजेच्या खांबांना कपडे चढतात. वरच्या अंगाला नाटकाचा फलक, खालच्या अंगाला शंकरपटाचा. नाटकाच्या फलकावर नायिका रडत असते, पटाच्या फलकावर बैल उधळलेले असतात, आणि दोन्हींवर गावातल्या पंचवीस-तीस मान्यवरांचे पासपोर्ट फोटो सारख्याच गंभीर चेहऱ्याने बघत असतात. पटाच्या फलकावर पहिलं इनाम इतक्या ठळक आकड्यांत छापलेलं असतं, की रस्त्यापलीकडची म्हैससुद्धा वाचून घेईल. दुसरं इनाम त्याहून लहान, तिसरं त्याहून लहान. प्रवेश फी मात्र शोधावी लागते. ती सापडते अगदी तळाशी, ‘आपले नम्र’ आणि छापखान्याचा फोन नंबर यांच्या मधोमध, मुंगीच्या मापाची. मी एकतीस वर्षं बँकेत खातेवह्या चाळल्या असल्याने कोणताही कागद खालून वर वाचतो. या सवयीने मला नोकरीत बढती मिळाली नाही, पण नात्यातली दोन माणसं मात्र कायमची दुखावली.

पहिले माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. सिंदेवाहीकडे त्यांचं गाव. पाच एकर धानाच्या बांध्या आणि गोठ्यात पटाची एक जोडी. दुसरा त्यांचा मुलगा, माझा भाचा. पुण्यात इंजिनिअर होता, आता पोकर खेळतो. सहज खेळत नाही, तो त्याचा व्यवसाय आहे, असं त्याचं म्हणणं. बाप बैलांच्या जोडीच्या मागे, पोरगा पत्त्यांच्या जोडीच्या मागे. बापाला वाटतं पोरगा जुगारी निघाला. पोराला वाटतं बापाने आयुष्यभर जुगारच केला, फक्त त्याला शेपूट होतं. मी दोघांना वेगवेगळ्या वेळी एकच प्रश्न विचारला होता : फी भरून शेवटी हातात काही उरतं का? भाऊजी चार महिने बोलले नाहीत. भाच्याने एक तास भाषण दिलं. मौन परवडलं.

इतर भागांतल्या वाचकांसाठी एक खुलासा. तुमच्याकडची बैलगाडा शर्यत वेगळी आणि आमचा पट वेगळा. आमच्याकडे दोन बैल, एक हलकी छकडी, छकडीवर जीव मुठीत धरलेला एक धुरकरी, आणि समोर ढेकळं फोडून सपाट केलेली वाट. कुठे दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात, कुठे एकेक जोडी सोडून घड्याळ लावतात. सगळा कारभार मोजक्या सेकंदांचा. त्या सेकंदांचेही बारीक तुकडे करून निकाल लावतात. बैल वर्षभर जे खातो, ते मात्र सेकंदांच्या मापाने खात नाही.

भाऊजींच्या जोडीत एक पवन आणि एक वकील. वकील हे बैलाचं नाव, कारण तो घेतला तेव्हा पटाची केस दिल्लीला चालू होती. पवन आणि वकील यांचा दिवस सरकीच्या ढेपेने सुरू होतो. मग भिजवलेली चुनी, उडदाचं पीठ, पट जवळ आला की दूध, अंडी आणि बदाम. मी एकदा सकाळी तिथे होतो. ताईने वकिलासमोर दुधाची बादली ठेवली आणि आम्हा दोघांना काळा चहा दिला. भाऊजी म्हणाले, “दूध सरलं जी.” सरलं नव्हतं. आमच्या डोळ्यांदेखत ते वकिलाच्या मिशांवरून ठिबकत होतं.

केसची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तोट्याच्या धंद्यातही मंदी येऊ शकते हे मला त्यावरून कळलं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या जल्लीकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. भाऊजींची तेव्हाची जोडी ऐन उमेदीत होती. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, भाऊजींनी त्याच आठवड्यात नवी छकडी करायला टाकली, आणि उच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. छकडी आली, पट आला नाही. तिच्यावर ताई वाळवण घालू लागली. अखेर १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला. म्हणजे मधली साडेसात वर्षं फी नाही, इनाम नाही, पिकअपचं भाडं नाही. मी भाऊजींना म्हटलं, “या साडेसात वर्षांत तुमचे बरेच पैसे वाचले असतील.” ते म्हणाले, “बैलाईनं काही पेपर वाचला नाई. ते खातच होते.”

बंदी उठली तेव्हा ती जुनी जोडी म्हातारी झाली होती. गोठ्यात उभी राहून ढेप खाणं एवढीच कारकीर्द. निवृत्तिवेतनधारक म्हणून मला त्यांच्याविषयी आपुलकी वाटे.

आता भाच्याकडे वळू. पोकर म्हणजे काय हे त्याने मला समजावलं. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच, आणि त्यातून जमेल तेवढी थाप. स्पर्धा असेल तर आधी फी भरायची, त्या बदल्यात रंगीत चकत्या मिळतात. चकत्या संपल्या की उठून जायचं. शेवटपर्यंत टिकेल तो पहिला. शंभरातल्या साधारण पंधरा जणांना काही ना काही मिळतं, उरलेले पंच्याऐंशी अनुभव घेऊन घरी जातात.

मी म्हटलं, “हिशेब सांग.”

“मामा, हा कौशल्याचा खेळ आहे.”

“कौशल्याचाच हिशेब सांग.”

तो सांगेना, म्हणून मीच मांडला. समजा शंभर जणांनी दहा-दहा हजार भरले. झाले दहा लाख. आयोजक त्यातले लाखभर स्वतःकडे ठेवतो, कारण टेबल, पत्ते, पत्ते वाटणारी माणसं आणि थंडगार एसी हे सगळं आकाशातून पडत नाही. उरले नऊ लाख. म्हणजे माणूस खुर्चीत बसला, त्याने अजून पान उचललं नाही, जांभईसुद्धा दिली नाही, तोच सरासरीने त्याचे हजार रुपये गेले. त्यात प्रवास, हॉटेल आणि जेवण धरा. चांगल्या खेळाडूला इतरांपेक्षा नुसतं चांगलं असून भागत नाही. आयोजकाची कापणी, गाडीभाडं आणि कर हे तिन्ही भागवून वर उरेल, इतकं चांगलं असावं लागतं. आणि आपण तेवढे चांगले आहोत की नुसते नशीबवान, हे कळायला शेकडो स्पर्धा खेळाव्या लागतात. प्रत्येकीची फी भरून.

भाचा म्हणाला, “जगातले मोठे खेळाडू करोडो कमावतात.” मग त्याने मला एकेकाचे आकडे दाखवले. खरोखर डोळे दिपले. पण मी खालून वर वाचणारा माणूस. त्या याद्यांत कोणी किती जिंकलं ते असतं, ते जिंकायला किती भरलं ते नसतं. आमच्या पटाच्या फलकासारखंच.

याला एक सन्माननीय अपवाद आहे, आणि तो माझा आवडता खेळाडू झाला. डॅनिएल नेग्रानू नावाचा कॅनडाचा माणूस, पोकरमधला दिग्गज, जागतिक मालिकेत तेव्हा सहा वेळा विजेता. त्याने २०१७ सालचा आपला हिशेब जाहीर करून टाकला. वर्षभरात जिंकले सुमारे २८ लाख डॉलर. आणि प्रवेश फीत गेले त्याहून ऐंशी हजारांवर जास्त. अठ्ठावीस लाख डॉलर जिंकून माणूस तोट्यात! विमानभाडं वेगळंच. त्याच नेग्रानूने २०१४ मध्ये एका स्पर्धेत दुसरा क्रमांक काढून ८० लाखांहून अधिक डॉलर मिळवले होते, पण त्या स्पर्धेची नुसती फी दहा लाख डॉलर होती. म्हणजे उत्तर ‘हो’ असंही आहे आणि ‘नाही’ असंही. एखाद्या वर्षी एक घबाड हाती लागतं आणि बाकीची वर्षं त्याच्या उष्ट्यावर निघतात. आमच्याकडे एका वर्षी धान भरभरून होतं, मग लोक त्याच्या जिवावर तीन लग्नं आणि एक बोअरवेल काढतात, तसंच.

भाऊजींना हे सांगितलं तर ते गंभीर झाले. “दहा लाख डालर फी? आन बक्षीस दुसरं?” थोडं थांबून म्हणाले, “बैल तरी दिसाले पाह्यजे होता.”

पोकरच्या या सगळ्या भानगडीला कारण असलेला माणूस हिशेबनीस होता, हे मला फार लागलं. २००३ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका हिशेबनिसाने ८६ डॉलरची एक छोटी ऑनलाइन स्पर्धा खेळली. तिच्यातून त्याला दहा हजार डॉलर फीच्या जागतिक स्पर्धेचा रस्ता मिळाला. लास वेगासला ८३९ जण उतरले होते. हा पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्याचं आडनाव मनीमेकर. बनावट नाही, खरंच मनीमेकर. इतकं फिट बसणारं आडनाव मी आमच्या बँकेत एकदाच पाहिलं, पण ते वसुली अधिकाऱ्याचं होतं आणि नेमकं उलट अर्थाचं. मनीमेकर जिंकल्यावर तीन वर्षांत त्याच स्पर्धेत उतरणारे ८३९ वरून ८,७७३ झाले. प्रत्येकाला वाटलं, एक हिशेबनीस जिंकतो तर आपण का नाही? हिशेबनिसाचा धडा घेऊन कोणी हिशेब केला नाही. हिशेबनीस म्हणून मला त्याचं दुःख आहे. तसा तो हुशार होता. आपल्या संभाव्य कमाईतला मोठा वाटा त्याने वडिलांना आणि एका मित्राला आधीच विकून ठेवला होता.

इथे ताई येते. पोकरच्या जगात खेळाडूच्या मागे पैसे लावणारा एक माणूस असतो. फी तो भरतो, जिंकलं तर वाटा घेतो. हरला तर हरलेली रक्कम खेळाडूच्या नावे साचत जाते आणि पुढच्या जिंकण्यातून आधी ती फेडायची असते. या साचलेल्या रकमेला ते लोक मेकअप म्हणतात. ताईने उभ्या आयुष्यात पावडर लावली नाही, पण भाऊजींकडे तिचा पस्तीस वर्षांचा मेकअप साचलेला आहे. दूध डेअरीचे, शिलाईचे, बचत गटाचे असे सगळे पैसे कधी ना कधी पिकअपमध्ये बैलांच्या शेजारी उभे राहून पटाला जाऊन आलेले आहेत. पोराने पुण्याची नोकरी सोडली, तेव्हा तो आईकडे आला आणि म्हणाला, “आई, तू माझी बॅकर हो.” ताई म्हणाली, “मी का बेकरी टाकू या वयात?” त्याने अर्थ सांगितला. ती म्हणाली, “मंग असं म्हन ना. हे तर मी लगन झाल्यापासून करून राह्यली.”

भाच्याची भरभराट ऑनलाइन काळातली. मोबाइलवर एकाच वेळी सहा-सहा टेबलं मांडून बसायचा. मग १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आला आणि टेबलं तीन झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ कायद्यानेच बंद केले. कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, पैसे लावलेत ना, मग बंद, असं त्या कायद्यात स्पष्ट आहे. भाच्याचं एक तासाचं भाषण एका वाक्यात निकालात निघालं. त्या दिवशी तो गावी आला आणि तोंड पाडून सपरीवर बसला. भाऊजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बापलेकांमधला तो बहुधा पहिला जिव्हाळ्याचा क्षण असावा. “मले सांगू नको,” भाऊजी म्हणाले. “मी साडेसात वर्स काढली.”

तेव्हापासून तो गोव्याला जातो. मांडवीतल्या बोटींवर पत्त्यांना मुभा आहे. पण आमच्या भागातून गोवा म्हणजे आधी नागपूर, मग विमान, मग टॅक्सी, मग हॉटेल. पान हातात पडेपर्यंत पवनचा महिन्याचा खुराक खर्च झालेला असतो. आणि जिंकलंच, तर पुढे आयकर उभा. पत्त्यांतल्या जिंकण्यावर सरळ ३० टक्के, आणि ते जिंकायला केलेला खर्च वजा करू देत नाहीत. हे मी वाचत होतो तेव्हा त्या वेळी लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यात एक गंमत सापडली. जुगार, लॉटरी, पत्ते, शर्यती यांतल्या कमाईतून खर्च वजा करायचा नाही असं म्हणून झाल्यावर कायदा हळूच एक फट ठेवतो : शर्यतीसाठी स्वतःचे घोडे पाळणाऱ्या मालकाला ही बंदी लागू नाही. घोडा. कायद्यात बैलाचं नावच नाही. मी हे मोठ्याने वाचलं तेव्हा वकील रवंथ करत होता. तो क्षणभर थांबल्यासारखा मला वाटला. भाऊजी उखडले. “काहून? घोडा खाते आन बैल हवा पिते का जी?”

आता एवढं मांडलंच आहे, तर जंगलातल्या तिसऱ्या प्रकाराबद्दल गप्प राहणं अप्रामाणिकपणाचं होईल. गडचिरोलीकडे आणि आमच्याही जिल्ह्यात आडरानात कोंबडबाजार भरतो. कोंबड्याच्या पायाला लोखंडी काती बांधतात, झुंज लावतात, पैसे लावतात. हे कायद्याने गुन्हा आहे आणि असायलाच हवं, कारण कोंबड्याने कुठल्याच फॉर्मवर सही केलेली नसते. पोलिसांची धाड पडते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. तिच्यातली जप्तीची यादी मी कधी चुकवत नाही. कोंबडे दोन-चार, रोख काही हजार, आणि मोटारसायकली मात्र लाखांच्या. म्हणजे जिंकायला गेलेला माणूस तीनशे रुपयांच्या झुंजीपायी सत्तर हजारांची गाडी झुडपात सोडून नाल्यातून पळालेला असतो. प्रवेश फी किती पडली हे त्याला घरी पायी पोचल्यावर कळतं. या प्रकारात एक मात्र आहे : हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याला मिळतो आणि रात्री त्याचा रस्सा होतो. पोकरमध्ये समोरच्याला हरवलं, तरी शिजवता येत नाही.

गेल्या मोसमात मी भाऊजींबरोबर एका पटाला गेलो. सकाळी दहाला पोचलो. जोड्यांच्या नोंदीच्या टेबलाशी फी भरली. पावती देणाऱ्या पोराने ती दोन बोटांत धरून अशी पुढे केली, जसा काही प्रसाद. काठी नाही, चाबूक नाही, पशुवैद्यकाची तपासणी, परवानगीचा कागद खांबाला डकवलेला. धुरकऱ्याने छकडीवर चढण्याआधी वाटेवर वाकून माती कपाळाला लावली. पवनने कान टवकारले. झेंडी पडली, आणि मला दिसला तो नुसता धुळीचा लोट आणि त्यात चार शिंगं. छातीत काहीतरी धडधडलं. साठीनंतर छातीत असं धडधडलं की डॉक्टरकडे जातात, मी मात्र खुर्चीवर उभा राहून ओरडत होतो. वेळ उत्तम होती. पण शेवटच्या टप्प्यात वकील उजवीकडे ओढला गेला, चाक आखणीच्या बाहेर गेलं आणि जोडी बाद.

परतताना पिकअपमध्ये भाऊजी म्हणाले, “नाहीतर आज पहिलं होतं.”

दोन दिवसांनी भाच्याचा गोव्याहून फोन. हातात एक्क्यांची जोडी, समोरच्याकडे फालतू सत्ती-दुर्री, आणि मधल्या पाच पानांत दोन सत्त्या पडल्या. “नाहीतर मामा, आज फायनल टेबल होतं.”

मी बँकेत हजारो कर्जप्रकरणं पाहिली. तारण, जामीनदार, सातबारा सगळं पाहिलं. पण ‘नाहीतर’ या शब्दाइतकं भक्कम तारण मला कुठे दिसलं नाही. त्याच्यावर माणूस स्वतःलाच कितीही वेळा कर्ज देतो.

पटाच्या त्या रात्री गावात नाटक होतं, असतंच. वैनगंगा ओलांडली की वडसा, आणि वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची पेठ. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथल्या कंपन्या गावोगाव रात्रभर खेळ करतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या सेवेसाठी. गावातलं मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम मोजतं आणि तिकिटं विकून ती भरून काढायला बघतं. म्हणजे ज्या मंडळाने सकाळी आमच्याकडून फी घेतली, ते स्वतः कंपनीकडे फी भरून बसलेलं. त्याच रात्री शेजारच्या गावातही नाटक लागलं, तर मंडळाचा अध्यक्ष पडद्याआडून खुर्च्या मोजत बसतो. मला वाटलं, या सगळ्यात बिनघोर कमाई करणारा एकच असणार, आलुबोंडेवाला. तो तर तेल उकळलं की पैसे मोजतो. त्याला विचारलं. म्हणाला, “जागेचे पैसे आधीच भरले जी मंडळाले. मागच्या साली अवकाळी आला, बेसनाचा लगदा झाला. यंदा पाहू.” पाहू! मी एक बोंडा जास्त घेतला.

हा मोसम संपला आणि मी एका रविवारी वही घेऊन भाऊजींच्या सपरीवर ठाण मांडलं. म्हटलं, एकदाच, सोक्षमोक्ष. जमा एका बाजूला, नावे एका बाजूला. नऊ पट. फी १४,५००. पिकअपचं भाडं २७,०००. धुरकरी आणि सोबतच्या पोरांचं मानधन, जेवणखाण १८,०००. मी ‘खुराक’ लिहायला लागलो तशी भाऊजींनी पेन धरलं.

“खुराक कायले लिवता? पट नसता तं बैल उपाशी ठेवले असते का?”

तर्क बिनतोड होता. खुराक खोडला. तरी ५९,५०० झाले. जमा बाजूला एक तिसरं इनाम, ११,००० रुपये. एका ठिकाणी उत्तेजनार्थ भिंतीवरचं घड्याळ, ते बंद निघालं. तोटा ४८,५००.

मग भाच्याला बसवलं. गोव्याच्या चार फेऱ्या, अकरा स्पर्धा, फी दोन लाख वीस हजार. प्रवास आणि मुक्काम चौऱ्याऐंशी हजार. जिंकले दोनदा मिळून एक लाख पंच्याण्णव हजार, त्यातून ३० टक्क्यांनी ५८,५०० कर गेला. तोटा १,६७,५००. त्याचा चेहरा उतरला. मी धीर द्यायला म्हटलं, “नेग्रानूचंही असंच झालं होतं रे.”

भाऊजींना मात्र जरा बरं वाटत होतं. पोरापेक्षा आपला तोटा तिपटीने कमी, म्हणजे आपण जिंकलो, अशी काहीतरी त्यांची धारणा झालेली दिसली. मिशीवर हात फिरवून म्हणाले, “तुमी बँकवाले. आमच्या धानाचा असा हिसाब कधी केला का जी? बियानं, रोवनी, खत, फवारनी. फी आमी जूनमधी भरतो. बक्षीस तुडतुड्यानं ठेवलं तं.”

धानाची कर्जं मीच मंजूर करत असे. मी वहीचं पान उलटल्यासारखं केलं.

ताई एवढा वेळ सपरीच्या कडेला तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, “ते जमा बाजू वाच बरं पुन्हा.”

मी वाचली.

“शेन लिवलं का?”

“काय?”

“शेन. या दोन बैलाईचं. तीन टराली खत इकलं मी यंदा, चार हजाराची एक. बारा हजार. ते कोन लिवन?”

मी गोठ्यामागे जाऊन उकिरडा पाहून आलो. मग बसून लिहिलं : शेणखत, ट्रॉल्या तीन, रुपये १२,०००. नऊ पट, एक धुरकरी, घटनापीठाचे पाच न्यायमूर्ती एवढा सगळा लवाजमा लागून इनाम आलं अकरा हजार, आणि कोणी टाळी न वाजवता, झेंडी न पाडता, शेण आलं बारा हजार. मी बेरीज दोनदा तपासली. भाऊजी वहीत डोकावून आकडा पाहत राहिले. त्यांना तो आनंदाचा मानावा की अपमानाचा, हे ठरवता येईना. उठून त्यांनी वकिलाच्या पाठीवर थाप मारली. वकिलाने शेपूट उचलून जमेची बाजू थोडी वाढवली.

भाचा म्हणाला, “आई, माझ्याही हिशेबात असं काहीतरी निघेल का गं?”

ताईने सुपातला खडा काढून अंगणात टाकला.

“तुया धंद्यात शेन इकता येत नाई, बापा. निस्तं खा लागते.”

आणि त्याला टोपलं दिलं. चौथी ट्रॉली भरायची राहिली होती.